एका घरातले तीन दंड आणि न्यूमोनियाची लस

२०२२ च्या श्रावणात मला न्यूमोनिया झाला तेव्हा मी ७१ वर्षांचा होतो. चार दिवस सर्दी म्हणून सुंठ-गवती चहाचा काढा घेत ओटीवर बसून राहिलो. पाचव्या दिवशी हुडहुडी भरली, खोकल्यातून गंजाच्या रंगाचा बेडका पडला आणि श्वास घेताना उजव्या कुशीत सुरी खुपसल्यासारखं व्हायला लागलं. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर बायकोने बोटाला लावला तर ८८. शेजारच्या पोराने भर पावसात रिक्षा काढून दापोलीला नेलं. सात दिवस दवाखाना, नाकाला ऑक्सिजन, शिरेतून अँटिबायोटिक. घरी आलो तेव्हा बावीपासून पडवीपर्यंत यायला मध्ये दोनदा टेकावं लागत होतं. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात उभ्याने काढलेला मी, मला ते फार लागलं.

घरी सोडताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, पूर्ण बरे झालात की न्यूमोनियाची लस घ्या. काकूंनाही द्या. आणि घरात आजी आहेत ना, त्यांचं वय काय?" आजी म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. तेव्हा ७९ वर्षांची.

मला वाटत होतं की एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो, गोवरासारखं. तसं नसतं. न्यूमोनियामागे बरेचदा असतो तो न्यूमोकोकस नावाचा जंतू, आणि त्याचे शंभर प्रकार. एकाशी झुंजलो म्हणून बाकीचे सोडत नाहीत. त्यातले माणसाला जास्त त्रास देणारे प्रकार निवडून लशीत घेतलेले असतात, एकीत तेरा, दुसरीत तेवीस. अमेरिकेत २०२१ मध्ये वीस प्रकारांची लस मंजूर झाली, ती एकदाच घेतली तरी पुरते. आमच्या डॉक्टरांकडे तेव्हा तेरा आणि तेवीस या दोनच होत्या. आधी तेराची आणि किमान वर्षभराने तेवीसची, असं त्यांनी लिहून दिलं.

"म्हणजे पुन्हा होणार नाही ना?" मी विचारलं. त्यांनी हो म्हणून वेळ मारून नेली नाही. नेदरलँड्समध्ये ६५ च्या पुढच्या ८४ हजारांवर लोकांवर तेराच्या लशीचा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लशीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया त्यात साधारण ४५ टक्क्यांनी घटला आणि त्याच प्रकारांचा जंतू रक्तात शिरून होणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी. व्हायरसने होणारा न्यूमोनिया यात धरलेला नाही. एवढं सगळं खरं सांगितलं म्हणूनच माझा त्यांच्यावर भरवसा बसला.

दिवाळीनंतर लस आणायला गेलो. दापोलीत त्या दिवशी मिळाली नाही, म्हणून दुसऱ्या एका गावातल्या औषधाच्या दुकानात चौकशी केली. किंमत चार हजारांच्या घरात. पेन्शनीतून तेवढे काढताना हात अडखळला, पण काढले. दुकानदाराने फ्रिजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यातून खोकं काढून दिलं. मला उलट बरं वाटलं. हर्णैच्या बाजूला वाढलेला माणूस मी, मासळी जितकी बर्फात तितकी ताजी हेच आम्हाला माहीत. डॉक्टरबाईंनी खोकं हातात घेऊन एकच प्रश्न केला, "काका, दुकानात ही कुठे ठेवली होती?" मी सांगितलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि सुई दिलीच नाही. ही लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. तापली तर बिघडतेच, पण एकदा गोठली की कायमची वाया जाते. वितळून पुन्हा दिसायला चांगली दिसली तरी उपयोग नाही.

दुकानदाराने पैसे परत केले नाहीत. बाहेर गेलेला माल परत घेत नाही, म्हणाला. त्या रात्री मला झोप आली नाही. चार हजार गेले त्याचं दुःख होतंच, त्याहून जास्त हे मनात येत होतं की अशी गोठलेली लस टोचून घेऊन किती म्हातारी माणसं निर्धास्त घरी गेली असतील. म्हणून जो कुणी लस घ्यायला जाईल त्याला मी हेच सांगतो, की दुकानात ती कुठल्या कप्प्यातून निघते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि तिथली वीज गेली की काय व्यवस्था असते ते विचारा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती, तेव्हा हा प्रश्न कोकणात कुणी फाजील समजू नये. पुढच्या लशी आम्ही डॉक्टरांमार्फतच मागवल्या. थर्माकोलच्या डब्यात थंड पिशव्यांमध्ये आल्या आणि त्याच दिवशी टोचल्या.

माझ्या नातीला याच जातीची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळाली. मुलांसाठी ती सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली, २०२१ मध्ये देशभर. म्हाताऱ्यांना मात्र खिशातून भरावी लागते. दमा, मधुमेह, हृदयाचा आजार असलेल्या गरीब म्हाताऱ्यांना तरी ती फुकट मिळायला हवी. वाडीतली मासळी विकणारी बाई एका सुईला चार हजार कुठून आणणार?

सुईआधी डॉक्टरबाईंनी विचारपूस केली. आज ताप आहे का, आधी कुठल्या लशीने अंगावर पित्त उठलं किंवा घसा आवळला होता का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. मला हृदयासाठी एक गोळी आहे, म्हणून टोचल्यावर कापूस दोन मिनिटं घट्ट दाबून धरायला लावला, चोळू दिला नाही. पिचकारी चांगली हलवून पांढरट झाल्यावर डाव्या दंडात दिली. मी उजव्या हाताने काम करतो हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. मग पंधरा मिनिटं बाहेरच्या बाकावर बसवलं. जोराची ॲलर्जी फार क्वचित येते, पण आलीच तर बहुधा लगेच येते.

एसटीतून घरी येईपर्यंत काही नाही. रात्री आठच्या सुमाराला दंड ठणकायला लागला. डाव्या कुशीवर झोपायची सवय, त्या कुशीवर वळताच येईना. पहाटे थंडी वाजली, ताप १००.६. दुसऱ्या दिवशी सांधे दुखत होते, तोंडाला चव नव्हती. बायकोने मऊ भात, मेतकूट, तूप दिलं तेवढंच गेलं. रहाटाला हात घालणं तर शक्यच नव्हतं. शेजारचे येऊन बोलून गेले, "उगाच टोचून घेतलंत, आजार उलटला." दिवसा मी त्यांना हसून उडवलं. रात्री पुन्हा थंडी वाजली तेव्हा मात्र मला खरंच श्रावण आठवला.

बायको उठली, कपाटातून ऑक्सिमीटर काढला आणि माझ्या बोटाला लावला. ९७. श्वास मोजला, सोळा. खोकला नाही, कूस दुखत नाही. तिने मला आकडा दाखवला आणि म्हणाली, "अहो, बघा. झोपा आता." पॅरासिटामॉलची एक गोळी घेऊन मी झोपलो. या लशीत जिवंत जंतू नसतोच, तिने न्यूमोनिया होऊ शकत नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. पण ते पटलं त्या रात्री, त्या आकड्याने. तिसऱ्या दिवशी ताप गेला, दंड आठवडाभर दाबला की दुखायचा एवढंच.

महिन्याने बायकोने लस घेतली. तिला ताप नाही, पण दंडावर वाटीच्या तोंडाएवढा लाल, गरम चट्टा उठला आणि खाज सुटली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, बॉलपेनने चट्ट्याच्या कडेने रेघ ओढा. लाली रेघेच्या आत राहिली तर थंड पाण्याची पट्टी ठेवा, रेघ ओलांडून पसरत गेली, ताप १०२ च्या वर गेला किंवा तीन दिवसांनीही हटला नाही तर लगेच या. चेहरा सुजला, धाप लागली तर फोनसुद्धा करत बसू नका, सरळ निघा. लाली रेघेच्या आतच राहिली, पाचव्या दिवशी पुसट झाली. रेघ मात्र साबणाने धुऊनही चार दिवस दिसत होती.

आक्का ऐकत नव्हती. कोविडच्या दुसऱ्या डोसाने तिला आठवडाभर अंथरुणाला खिळवलं होतं. "या वयात आता कसल्या सुया," म्हणायची. मी तिच्याशी वाद घातला नाही. माझा ताप उतरला, बायकोचा दंड बसला, हे ती माजघरातून रोज बघत होती. फेब्रुवारीत एका सकाळी अंघोळ करून, इरकली नेसून तयार होऊन बसली. "चल, ने मला," म्हणाली.

तिला काहीच झालं नाही. ताप नाही, दंड दुखला नाही, दुसऱ्या दिवशी अंगणात शेणसडा घातला. आणि मग तिला वेगळीच काळजी लागली. "अरे, मला लस लागलीच नाही वाटतं. तुझ्यासारखं काहीच होत नाही." दोन दिवस हेच. शेवटी डॉक्टरबाईंना फोन लावून तिच्या कानाशी धरला. त्या म्हणाल्या, आजी, वय झालं की त्रास कमी जाणवतो, दुखलं नाही म्हणजे लस कामाला आली नाही असं नाही. आक्काने मला तीनदा विचारून खात्री करून घेतली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी तेवीसची घेतली. ताप आला नाही, पण दंड पहिल्यापेक्षा जास्त सुजला, दोन दिवस सदऱ्याची बाही घालताना डोळ्यांत पाणी यायचं. मग ओसरलं. बायकोनेही डिसेंबरात घेतली, तिचा चट्टा या वेळी लहान होता.

कोविडसारखं या लशीचं प्रमाणपत्र मोबाईलवर आलं नाही. डॉक्टरांनी कार्डावर तारीख लिहून पिचकारीवरचं बॅच नंबराचं स्टिकर चिकटवून दिलं. तिघांची कार्डं रेशनकार्डाच्या डब्यात ठेवली आहेत. आक्काची दुसरी लस फेब्रुवारीत आहे. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला स्वतःच्या हाताने गोल केला आहे आणि परवा शेजारच्या वहिनींना विचारलं, "तू येतेस का गं आमच्याबरोबर?"