रात्री साडेअकराचा डबा

आमच्याकडे फरसाणाचा एक स्टीलचा डबा आहे. झाकण उघडताना टक्‌ आवाज होतो. तो होऊ नये म्हणून आधी अंगठ्याने एका बाजूची कड सैल करायची, वर ओढणी धरायची आणि मग झाकण काढायचं, ही कला मला चाळिशीत अवगत झाली. बाहेरच्या खोलीत सासूबाई, आत नवरा आणि दहावीतला मुलगा झोपलेले. मी दिवा न लावता, फ्रीजच्या उजेडात, ओट्याला टेकून उभी. आधी मूठभर लसूण शेव. मग उरलेला भात आणि लोणच्याचा खार. मग मुलाच्या मधल्या सुट्टीसाठी आणलेली क्रीमची बिस्किटं, अख्खा पुडा. चव पहिल्या दोन घासांपुरतीच लागायची, पुढे नुसता हात चालायचा. पोट दुखायला लागलं की थांबायचे. पुड्याचा कागद कचऱ्यात कोथिंबिरीच्या काड्यांखाली दडपायचा आणि जाऊन झोपायचं.

आठवड्यातून तीन-चार रात्री असं चालायचं. सकाळी उठल्यावर आज तोंडाला काही लावायचं नाही, असं ठरवायचे आणि ते पाळायचेसुद्धा.

म्हणजे बघा, डोंबिवलीहून पावणेआठची फास्ट, पोटात फक्त चहा. फोर्टातल्या ऑफिसात दुपारी डबा उघडायचा, त्यातल्या दोन पोळ्यांपैकी एक मैत्रिणीच्या डब्यात सरकवायची. सोमवार आणि संकष्टी धरलेले होतेच. ‘एवढंसं खातेस, तरी वजन कसं गं?’ असं कुणी विचारलं की मी ‘थायरॉइड’ म्हणून मोकळी व्हायचे. थायरॉइड नॉर्मल होतं.

त्याच सुमारास माझी मान मागून काळी पडायला लागली. सासूबाईंनी बेसन-लिंबू लावायला सांगितलं. मी घासून घासून कातडी सोलून काढली, रंग हलला नाही. रात्री घशाशी आंबट पाणी यायचं, ते उशीवर उशी ठेवून निभावत होते. शेवटी ऑफिसच्या तपासणीत सगळं कागदावर आलं: एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१, सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर, कंबर ९४ सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांना ८० च्या पुढे धोका धरतात. फॅमिली डॉक्टरांनी मान बघून सांगितलं, ‘घासू नका, तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की कातडी अशी जाड आणि काळी होते.’ ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, खाणं आवरा, एवढं सांगून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

आवरलं की! फोनवर मिळालेला हजार कॅलरींचा तक्ता नऊ दिवस इमानेइतबारे पाळला. दहाव्या दिवशी स्टेशनबाहेर अर्धा किलो म्हैसूरपाक घेतला आणि आमच्याच इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर उभी राहून संपवला. घरी नेला असता तर वाटावा लागला असता ना. वरून शेजारच्या काकू उतरत होत्या, तर मी चपलेचा बंद लावल्यासारखं केलं. माझ्या चपलेला बंद नव्हता.

त्या रात्री झोप लागेना. आपण खोटारड्या आहोत, हावरट आहोत, एवढंच डोक्यात. ओळखीतल्या कुणाशी बोलायची सोय नव्हती. बाथरूममध्ये जाऊन १४४१६ लावला. टेली मानस ही केंद्र सरकारची फुकट सेवा आहे, रात्रीही चालू असते, मराठीतही बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मानसोपचार ओपीडीत दाखवा म्हणाल्या. खाण्यासाठी मानसोपचार? मला हसूच आलं. तरी गेले.

तिथे वजनाआधी भलतेच प्रश्न. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढता का? जुलाबाच्या गोळ्या घेता का? खाताना थांबावंसं वाटलं तरी थांबता येत नाही, असं होतं का? किती महिने? या शेवटच्या दोन प्रश्नांवर मी रडले. याला बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणतात. थोड्या वेळात खूप खाणं, त्यावर ताबा नसणं, आठवड्यातून निदान एकदा आणि तीन महिने तरी. २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणात त्याला वेगळी नोंद आहे. जिभेवर ताबा नाही, हे आईपासून सगळ्यांनी केलेलं निदान मी तीस वर्षं बाळगून होते.

समुपदेशक मॅडमनी पहिला उपाय सांगितला तेव्हा मला वाटलं, यांनी माझी फाइल बदलली. म्हणाल्या, सकाळी खायचं. तीन जेवणं, मध्ये दोनदा थोडं काही. चार तासांच्या वर पोट रिकामं ठेवायचं नाही. आदल्या रात्री कितीही खाल्लेलं असो, सकाळचे पोहे चुकवायचे नाहीत. वजन आठवड्यातून एकदाच. मी म्हटलं, मॅडम, मी जाड आहे, उपाशी नाही. त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग सांगितला. ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागले. पुढे पोटभर अन्न दिलं, तर कितीतरी जण खातच सुटले, पोट भरल्याचं त्यांना कळेचना. ‘तुम्ही रोज सकाळी तो प्रयोग सुरू करता आणि रात्री संपवता,’ मॅडम म्हणाल्या. शिवाय मी झोपत होते पाचच तास. झोप कमी पडली की भुकेचा हार्मोन घ्रेलिन वाढतो आणि पोट भरल्याचं सांगणारा लेप्टिन उतरतो. आपल्यात म्हणतातच, एकादशी आणि दुप्पट खाशी. माझी एकादशी रोजची होती.

दुसरं काम वहीचं. काय खाल्लं, किती वाजता, कुठे, त्याआधी काय झालं होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. तीन आठवड्यांनी वही वाचली तर कळलं, पोहे-उपमा सुरू केल्यावर निम्म्या रात्री आपोआप सुटल्या होत्या. उरलेल्या रात्रींचा भुकेशी संबंध नव्हता. मुलाच्या अभ्यासावरून वाद झालेला दिवस, ऑडिटचा दिवस, बाबांचा महिना. बाबा गेले तेव्हा मार्चअखेर होती, चौथ्या दिवशी मी कामावर हजर. ओट्याजवळची ती वीस मिनिटं सोडली तर दिवसभरात अशी वेळच नव्हती, की कुणी मला काही मागत नव्हतं. हे मी वहीत लिहिलं आणि ते पान मॅडमना वाचून दाखवायला दोन भेटी घेतल्या. आता साडेनऊला बाल्कनीत खुर्ची टाकून बसते. त्या वेळात कपडे घड्या करायचे नाहीत, हा नियम घरात मान्य करून घ्यायला फार भांडावं लागलं.

घरी सांगणं सगळ्यात अवघड गेलं. नवरा गप्प बसला. मुलगा म्हणाला, ‘मला माहीत होतं. मी बिस्किटं मोजून ठेवायचो.’ आता फरसाणाचा डबा माळ्यावर आहे. माझ्या मते त्याने फार फरक पडत नाही, पण शेव अंधारात खाल्ली जाते तशी ज्वारीची भाकरी कुणी खात नाही, हेही खरं.

आठ महिन्यांत वजन चार किलो उतरलं. बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. एचबीए१सी ५.८. मान अजून काळपट आहे, पण ओढणीशिवाय बाहेर पडते. रात्रीचा प्रकार पूर्ण थांबलेला नाही. दिवाळीत एकदा करंज्यांचा डबा निम्मा केला. फक्त दुसऱ्या दिवशी उपाशी राहिले नाही.

सासूबाईंना बिंज वगैरे सांगितलं नव्हतं. परवा संकष्टीला त्यांना म्हटलं, ‘आई, आजपासून मी चतुर्थी धरत नाही.’ त्या देवासमोरून उठल्या, गणपतीकडे बघून मग माझ्याकडे बघितलं.

‘आणि रात्री वाटीभर साबुदाणा भिजवलाय, त्याचं काय करू?’

‘खिचडी करा ना. मी पोळी-भाजीबरोबर खाईन.’

‘शिव शिव,’ म्हणाल्या, आणि दाण्याचं कूट काढायला आत गेल्या.