मध्येच सोडता येणारे छंद

छंद निवडताना आधी आवड बघा, असं सगळेच सांगतात. घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर आवडीच्याही आधी बघायची एक गोष्ट आहे. हातातलं काम या क्षणी, आहे तसं खाली ठेवता येतं का? ‘आई, शी झाली’ ही हाक विणकामाची ओळ पूर्ण व्हायची वाट बघत नाही. ‘बाबा’ म्हणून आलेली हाकही नाही.

आईबाबांचा मोकळा वेळ तुकड्यातुकड्यांनी येतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतचा, पोहण्याच्या क्लासबाहेर बाकड्यावर बसल्याचा, मूल झोपल्यानंतर आपलेही डोळे मिटेपर्यंतचा. या तुकड्यांत न मावणारा छंद विरंगुळा देत नाही, उलट अर्धवट राहिलेल्या कामांमध्ये आणखी एकाची भर घालतो.

घरी केलेल्या साबणाचंच बघा. फोटोत तो फार निवांत दिसतो. प्रत्यक्षात ५०० ग्रॅम खोबरेल तेलाला, ५ टक्के तेल साबण न बनता मोकळं राहील असा हिशेब धरून, साधारण ८७ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो आणि तो काट्यावर ग्रॅमच्या हिशेबाने मोजावा लागतो. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. मिश्रण बघता बघता ऐंशी अंशांच्या वर तापतं, नाकात झोंबणारी वाफ येते. अॅल्युमिनियमचं पातेलं वापरलं तर सोडा ते खायला लागतो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. तेलात घातल्यावर मिश्रण दाट होईपर्यंत घोटायचं, आणि त्या वेळी दार वाजलं तरी ते थांबत नाही. वर वड्या चार ते सहा आठवडे मुरवायच्या. लहान मूल पायात घोटाळत असताना हा उद्योग करूच नये. वास, रंग आणि साचे यांचीच हौस असेल तर बाजारात सोप बेस, म्हणजे वितळवून साच्यात घालायचा तयार साबण, मिळतो. त्याचे तुकडे करून गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायचे आणि साच्यात ओतायचे. मध्येच उठावं लागलं तर बेस घट्ट होतो, परत वितळवला की झालं. उकळू मात्र द्यायचा नाही. त्यातल्या ग्लिसरीनमुळे पावसाळ्यात वडीला घाम फुटल्यासारखे थेंब येतात, म्हणून साच्यातून सुटल्यावर लगेच प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायची.

दोन सुयांवरच्या विणकामाला आणि क्रोशाला आपण एकाच पिशवीत टाकतो, पण या कसोटीवर दोघांत मोठा फरक आहे. विणकामात साठ-सत्तर टाके एकाच वेळी सुईवर जिवंत, म्हणजे उघडे, नुसत्या सुईच्या आधाराने असतात. पोराने कौतुकाने सुई ओढली की ते सगळे निसटतात, आणि खालच्या ओळींत घर पडत जातं. क्रोशाला जिवंत टाका एकच. तो फास जरा मोठा ओढून ठेवला, सुई काढून घेतली, की काम आठवडाभर पडून राहिलं तरी बिघडत नाही. त्यातही निवड करायची. बाहुल्या, प्राणी नकोत, कारण त्यांत प्रत्येक फेरीत टाके मोजावे लागतात आणि ‘सोळा, सतरा…’ म्हणत असताना कुणी पाणी मागितलं की हिशेब गेला. चौकोन बरे. तीन खांबांचा (खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका) एक गुच्छ, कोपऱ्यात दोन गुच्छ आणि मध्ये साखळी. कुठे होतो हे नुसतं बघून कळतं.

पण तुकड्यातुकड्यांच्या वेळासाठी जन्मलेला प्रकार म्हणायचा तर तो गोधडी. एकदम मोठी घेऊ नये. तीन फूट बाय तीन फुटांचं दुपटं घ्यावं. त्याचा हिशेब साडीतच बसलेला आहे. साडेपाच मीटरची सुती साडी ९० सेंटिमीटरला एक अशी कापली की सहा तुकडे होतात. वरचा एक, खालचा एक, मधले चार, म्हणजे एका साडीत एक दुपटं. पन्हा ११० सेंटिमीटरच्या आसपास असतो, तो ९० ला कापल्यावर उरलेल्या पट्ट्या कडेच्या गोटाला येतात. जरीचे किंवा जाड काठ मात्र आधीच उतरवून घ्यावेत, सहा थरांत ते आले तर सुई रडवते.

साडी खरंच सुती आहे का, हे एक धागा जाळून बघावं. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो, राख बोटाने विस्कटते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. अशी साडी घाम शोषत नाही, शिवताना थर एकमेकांवरून घसरतात. मग कापड दोन्ही अंगठ्यांत धरून जरा ताणायचं. टर्रकन फाटलं तर त्या साडीचा बाहेरच्या थराला उपयोग नाही. बसण्याच्या जागेवर साडी विरलेली असते, पदर सहसा धड असतो, म्हणून पदराचा तुकडा वर घ्यावा. रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघावं. आणि सगळं आधी धुऊन, वाळवून घ्यावं. नवं कापड न धुता वर लावलं तर पहिल्या धुण्यात तेवढंच आटतं आणि गोधडीला कायमच्या चुण्या पडतात.

यात सलग करावं लागणारं काम एकच, ते म्हणजे थर लावून कच्चे टाके घालणं. त्याला तासभर लागतो. हा तास मूल आजीकडे गेलेलं असताना किंवा गाढ झोपलेलं असताना काढावा. खालचा तुकडा उलटा फरशीवर अंथरायचा, कडा चिकटपट्टीने धरून ठेवायच्या, एकेक थर ठेवत मधून बाहेर हात फिरवायचा. मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने दहा-बारा सेंटिमीटरवर लांब लांब टाके, उभे आणि आडवेही. हे टाळणाऱ्यांची गोधडी वरून छान दिसते, पण अर्धी झाल्यावर उलटून बघितली की खालच्या थराला फुगे आलेले असतात आणि उसवण्यावाचून उपाय उरत नाही.

पुढचं सगळं धावदोऱ्याचं. मशीनचा दोरा बारीक, तो तुटतो आणि जुन्या मऊ कापडाला कापतोही. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याचे तीन पदर घ्यावेत किंवा जाड सुती दोरा घ्यावा, मेणावरून ओढून. लांबी हातभर, त्याहून जास्त नाही. सारखं ओवायला नको म्हणून लांब घेतलेला दोरा गुंततो, पिंजतो, आणि वेळ वाचण्याऐवजी दुप्पट जातो. सुई लांब, बारीक आणि मोठ्या नेढ्याची. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, हवंच. पहिली गाठ थरांच्या मध्ये दडवायची. टाका अर्धा सेंटिमीटर, मोकळी जागा तेवढीच, सुईवर चार-पाच टाके घ्यायचे आणि मग दोरा ओढायचा. ओढताना कापड गोळा झालं तर तळहाताने सारखं करूनच पुढे जायचं.

दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर धरलं तर ४५ ओळी होतात, म्हणजे शिवणच ४० मीटर. दोरा सगळे रंग मिळून ५५ मीटर आणावा, एकाच वेळी, कारण रंग पुन्हा तोच मिळेल याची खात्री नसते. एका ओळीला हात बसल्यावर सात-आठ मिनिटं. रोज दोन ओळी म्हणजे साधारण सव्वातीन आठवडे, घरात तापसर्दीची फेरी आली तर पाच. ओळी सरळच हव्यात असं नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागातल्या, मूळच्या आफ्रिकी सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात ती कडेपासून मध्याकडे, तुकडे लावत लावत, कोपऱ्यांवर घड्यांची छोटी फुलं ठेवून.  ती पद्धत सुंदर आहे, पण पहिल्या दुपट्याला सरळ ओळीच बऱ्या.

उठताना सुई कापडात टोचून ठेवायची नाही. मुलासाठी तर नाहीच, पण पावसाळी हवेत ती गंजून असा डाग पाडते की तो जन्मात निघत नाही. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत तळाला छोटं लोहचुंबक चिकटवावं, सुया त्यावर, आणि डबी वरच्या फळीवर. सुया किती होत्या ते लक्षात ठेवायचं. चार-पाच वर्षांच्या मुलाला काम द्यायचं तर ओळीसाठी रंग निवडायचं द्यावं, किंवा खडूने रेघा मारायचं. त्या वाकड्या येतात. येऊ द्याव्यात, धावदोरा वाकड्या रेघेवरही धरतो.

ज्यांना टाके घालणं म्हणजे शिक्षा वाटते त्यांच्यासाठी गुलकंद आहे. त्यात उन्हाला कामाला लावायचं असतं. वासाचा गावठी गुलाब हवा, तोही घरचा किंवा फवारणी नसलेला. फुलवाल्याकडची टपोरी फुलं पोटात घालण्यासाठी पिकवलेली नसतात. पाकळ्या धुऊन कापडावर सावलीत पूर्ण कोरड्या करायच्या. इथे घाई केली की आठवड्यात बुरशी येते. पाव किलो पाकळ्यांना पाव ते अर्धा किलो बारीक केलेली खडीसाखर, काचेच्या बरणीत एक थर पाकळ्या, एक थर साखर, शेवटचा थर साखरेचा. तोंडाला कापड बांधून रोज उन्हात, संध्याकाळी आत, एक-दोन दिवसांनी कोरड्या लाकडी चमच्याने हलवायचं. तीन-चार आठवड्यांत पाकळ्या मऊ होऊन पाकात मुरतात. एखाद्या दिवशी बरणी उन्हात ठेवायची राहिली तर गुलकंद एक दिवस उशिरा होतो, इतकंच.