मोतीचा विमा आणि आईचा हात

मार्चमधली रविवारची सकाळ. जर्मनीतल्या हानोव्हर शहराच्या लिंडन भागात एका छोट्या कॅफेत मी मोतीला घेऊन बसले होते. मोती म्हणजे प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेला अठ्ठावीस किलोचा आमचा कुत्रा. इथे टेबलाखाली कुत्रा झोपलेला असणं रोजचंच. कित्येकदा आपल्या कॉफीआधी त्याचं पाणी येतं. मी त्याची लीश, म्हणजे हातात धरायचा पट्टा, टेबलाच्या पायात अडकवली होती, तिथेच चुकले. आत कुणाच्या तरी हातून ट्रे पडला. मोती दचकून उठला, त्याच्यामागे टेबल फरफटत गेलं आणि शेजारून चाललेल्या एक आजी त्याला अडखळून डाव्या हातावर पडल्या.

मनगट बघता बघता सुजलं. त्यांच्या हातातलं घड्याळ काढताना माझी बोटं थरथरत होती. त्या म्हणाल्या, "कुत्र्याला लागलं नाही ना?" आणि मग तितक्याच शांतपणे, "तुमचा विमा असेलच." मी हो म्हटलं, कागदी रुमालावर नाव, पत्ता, फोन लिहून दिला, आणि पुन्हा पुन्हा माफी मागितली.

मनगट मोडलं होतं. मी घरी येताच मोतीच्या विमा कंपनीला कळवलं. कुत्र्यामुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर भरपाई देणारा हा विमा. पुढचा सगळा व्यवहार परस्पर झाला. आजींच्या आरोग्य विम्याने उपचारांचा खर्च केला आणि तो माझ्या कंपनीकडून वसूल केला. आजींना वेदनेबद्दल वेगळी रक्कम मिळाली. आणि ज्याचं मला सगळ्यात अप्रूप वाटलं ते हे, की प्लास्टरच्या दिवसांत त्यांना घरकाम करता आलं नाही, त्याचीही भरपाई मिळाली. स्वयंपाक, झाडलोट, कपडे. त्या कामाला इथला कायदा किंमत देतो.

यामागे जर्मन नागरी संहितेचं कलम ८३३ आहे. संहिता १ जानेवारी १९०० पासून लागू आहे. हौसेने पाळलेल्या जनावरामुळे कुणाला इजा झाली, तर मालकाने भरपाई द्यायची. त्याची चूक होती का, हा प्रश्नच येत नाही. राखणीचा किंवा मेंढरांमागचा, म्हणजे पोटापाण्यासाठी ठेवलेला कुत्रा असेल, तर पुरेशी काळजी घेतल्याचं दाखवून मालक सुटू शकतो. जखमी माणसाचाही निष्काळजीपणा असेल तर भरपाई कमी होते. कॅफेवाला अडकतो तो त्याची स्वतःची हयगय असेल तरच.

कुत्रा चावायलाच हवा असंही नाही. २०१३ मध्ये जर्मनीतल्याच हाम शहराच्या वरिष्ठ न्यायालयापुढे एक खटला आला होता. दुकानाच्या दारात कुत्रा नुसता झोपला होता, बाहेर पडणारी ग्राहक त्याच्यावर अडखळून पडली. न्यायालयाने मालकालाच जबाबदार धरलं. येण्याजाण्याच्या वाटेत कसलीही पर्वा न करता पसरणं हा जनावराचाच स्वभाव, आणि त्या स्वभावाचा धोका मालकाने उचलायचा.

आमच्या नीडरझाक्सन राज्यात सहा महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला चिप आणि विमा सक्तीचा आहे: माणसाच्या इजेसाठी किमान ५ लाख युरो, वस्तूंच्या नुकसानीसाठी अडीच लाख. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला आधी लेखी आणि मग वर्षभरात प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते.

आता आईचं सांगते, ते याच्या आधीचं. तिचंही डावंच मनगट. बाणेरच्या एका बागेतल्या कॅफेत ती आत्याबरोबर गेली होती. शेजारच्या टेबलाखालचा लॅब्रॅडोर मांजरामागे सुटला आणि लीश आईच्या पायात गुंतली. मालकीणबाईंचं पहिलं वाक्य, "अहो काकू, तो कुणाला काही करत नाही हो!" मॅनेजरने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: पाळीव प्राण्यांची जबाबदारी मालकांची. पाच मिनिटांत ती मंडळी बिल देऊन निघूनही गेली. दीड महिना आईचा हात गळ्यात होता. कणीक मळायला आत्या कोथरूडला रोज यायची. खर्च अर्थातच आमचा.

वकील असलेल्या मामेभावाला मी फोन केला. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, असं तो म्हणाला. पूर्वी दंड संहितेत ते २८९ होतं. जनावराबाबत हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंड एरवी सरकारजमा होतो. भरपाईसाठी दिवाणी दावा लावायचा आणि निष्काळजीपणा आपण सिद्ध करायचा. आई म्हणाली, "जाऊ दे गं, कुठे कोर्टाच्या पायऱ्या चढतेस."

लॅब्रॅडोरवाल्या त्या बाईंचा मला फार दिवस राग होता. हानोव्हरच्या त्या सकाळनंतर तो थोडा बदलला. मी मनापासून माफी मागू शकले, कारण पैसे कोण देणार हे आधीच ठरलेलं होतं. पुण्यातल्या त्या बाईंच्या मागे तसं काहीच नव्हतं. चूक कबूल केली तर हजारोंचा खर्च अंगावर येईल, या भीतीने माणूस आधी कुत्र्याची बाजू घेतो. तरी आईला निदान रिक्षात बसवून द्यायला हवं होतं, हे मी अजूनही म्हणेन.

पुण्यात महापालिकेचा परवाना लागतो, त्यासाठी रेबीजच्या लशीचा दाखला लागतो. विम्याची सक्ती नाही. पण स्कूटरसुद्धा थर्ड पार्टी विम्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, हे आपल्याला अंगवळणी पडलेलंच आहे ना? कुत्र्याच्या काही विम्यांमध्ये त्रयस्थाच्या नुकसानीचं कलम आपल्याकडेही मिळतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, एकदा काढून बघा.

आजींच्या भरपाईचं मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे पोळ्यांचेसुद्धा पैसे धरले?"

डिसेंबरमध्ये पुण्याला येतेय. मामेभावाकडेही आता बीगल आहे. त्याला पॉलिसी काढून ठेवायला सांगितलंय, आणि तोवर लीश टेबलाच्या पायाला न बांधता हातातच धरायला.