थॉमस क्लार्कसनची पेटी

इंग्लंडमधील गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या लढ्याचे नाव निघाले की खासदार विल्यम विल्बरफोर्स यांची संसदेतील भाषणे आठवतात. त्या भाषणांना लागणारा पुरावा बंदराबंदरांतून गोळा करणाऱ्या थॉमस क्लार्कसन यांच्याविषयी मला अधिक आदर वाटतो.

१७८५ साली केंब्रिज विद्यापीठाच्या लॅटिन निबंधस्पर्धेचा विषय होता : माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय? पंचविशीतल्या क्लार्कसन यांनी लेखणी उचलली ती बक्षिसाच्या ओढीने. परंतु या व्यापाराची माहिती वाचता वाचता त्यांची झोप उडाली. बक्षीस मिळाले, आणि लंडनला जाताना वेड्समिल गावाजवळ घोड्यावरून उतरून ते रस्त्याच्या कडेला बसले. हे सारे खरे असेल तर ते थांबवायला कोणीतरी उभे राहिलेच पाहिजे, या विचाराने त्यांना घेरले होते.

मे १७८७ मध्ये लंडनमध्ये हा व्यापार बंद करण्यासाठी बारा जणांची समिती स्थापन झाली, त्यांतले नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. पुरावे जमवण्यासाठी क्लार्कसन ब्रिस्टल आणि लिव्हरपूलला गेले. हा व्यापार म्हणजे ब्रिटिश खलाशांची पाठशाळा आहे, असे त्याचे समर्थक सांगत. क्लार्कसन यांनी जहाजांच्या हजेरीपटांवरून दाखवून दिले की गुलामवाहू जहाजांवर खलाशीही मोठ्या संख्येने मरत होते. लिव्हरपूलच्या एका दुकानात हातकड्या, बेड्या, अंगठे चिरडण्याचे पेच आणि अन्न नाकारणाऱ्या बंदिवानांचा जबडा उघडण्याचे हत्यार उघडपणे विकायला होते, आणि ती त्यांनी विकत घेतली. हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण ज्या वस्तू लपवाव्यात असे विकणाऱ्याला वाटतही नव्हते, त्यांतच त्या समाजाची सवय दिसते. त्याच शहरात धक्क्यावर त्यांना समुद्रात ढकलण्याचा प्रयत्न झाला.

एका पेटीत मात्र ते आफ्रिकेतले हस्तिदंत, लाकूड, मसाले आणि तिथल्या विणकरांचे कापड घेऊन फिरत. माणसे विकण्याऐवजी या मालाचा व्यापार करता येईल, हे त्यांना दाखवायचे होते, आणि ते कापड विणणारे हात कुशल माणसांचे आहेत हेही पाहणाऱ्याला आपोआप कळत असे.

अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे १७९४ साली त्यांना काम थांबवावे लागले; दहा वर्षांनी ते परतले. १८०७ साली व्यापारबंदीचा कायदा झाला, तरी वसाहतींतली गुलामगिरी चालूच होती, म्हणून गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३ च्या कायद्यापर्यंत ते झटत राहिले. ती पेटी आज विझबीच या त्यांच्या जन्मगावच्या संग्रहालयात आहे.