मामांची लाल गाडी आणि माझे तीन रविवार

पिंपळगाव बसवंतहून मामांची 2012 सालची लाल स्विफ्ट आमच्या पाथर्डी फाट्याच्या पार्किंगमध्ये आली, तेव्हा बायकोनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ही गाडी आहे की लग्नपत्रिका?"

तिचंही चूक नव्हतं. बॉनेटवर भगवा सूर्य, दोन्ही बाजूंच्या दारांवर पांढरे पट्टे, डिकीवर मामेभावंडांची नावं, मागच्या काचेवर "आईचा आशीर्वाद" आणि काचेच्या आतून एका खताच्या दुकानाची जाहिरात. शिवाय डिकीवर सुटी सुटी चंदेरी अक्षरं लावून लिहिलेलं "द्राक्ष बागायतदार". त्यातला "क्ष" केव्हाच गळून पडला होता, त्यामुळे मागून येणारा माणूस "द्रा बागायतदार" वाचायचा.

मी अंबडच्या एका कारखान्यात पावडर कोटिंगच्या, म्हणजे पत्र्यावर रंगाची पूड भाजून बसवायच्या, लाइनवर आहे. रंगातलं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. ही सगळी स्टिकरं काढायची ठरवली आणि पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता नखानंच सुरुवात केली. जानेवारी महिना, नाशिकची थंडी, निफाडकडून येणारा वारा. तासाभरात सूर्याचा एक किरण निघाला, तोही तांदळाच्या कणीएवढ्या तुकड्यांत. दहा-बारा उन्हाळे खाल्लेलं व्हिनाइल (स्टिकरचं प्लास्टिक) पापडासारखं होतं, आणि थंडीत त्याखालचा गोंदही दगड झालेला असतो. सकाळची वेळ हीच मुळात चूक होती.

दुपारी दोनला गाडी उन्हात काढली आणि बायकोचा हेअर ड्रायर आणला. (तिची परवानगी नंतर घेतली.) वीतभर अंतर ठेवून ड्रायर सारखा हलवत राहायचं, एका जागी धरायचा नाही. पत्र्यावर तळहात टेकवून ठेवता आला पाहिजे. चटका बसून हात मागे आला तर जास्त तापलं. मग कोपरा नखानं उचलायचा आणि स्टिकर स्वतःवरच दुमडत, पत्र्याला जवळजवळ लागून मागे ओढायचं. सरळ वर ओढलं तर ते तुटतं, नाहीतर सगळा गोंद खाली ठेवून येतं. गाईच्या कासेला हात लावावा इतक्या सबुरीनं. बॉनेटवरचा सूर्य अर्ध्या तासात मावळला, आणि माझी छाती फुगली.

त्या भरात डाव्या मागच्या दाराचा पट्टा जरा झटक्यातच ओढला. पट्ट्याबरोबर नखाएवढा लाल रंग आला. खाली राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर.

काम तिथंच थांबवलं. पुढच्या शनिवारी साहेबांना विचारून कारखान्यातलं रंगाची जाडी मोजायचं मीटर घरी आणलं. बॉनेटवर 115 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), छतावर 110, उजव्या दारांवर 120 च्या आसपास. कंपनीतून आलेल्या गाडीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, म्हणजे सगळं ठीक. डावं मागचं दार मात्र 290. (बंपर प्लास्टिकचा, तिथं हे मीटर काही दाखवत नाही.) म्हणजे ते दार कधीतरी ठोकलं गेलं होतं आणि पुन्हा रंगवलं होतं. कारखान्यात नुसता पत्रा भट्टीत जातो, म्हणून रंग 140 अंशांच्या आसपास भाजता येतो. गॅरेजमध्ये अख्खी गाडी उभी असते, वायरी आणि प्लास्टिकसकट, त्यामुळे फार तर 60 अंश. त्यात खालची घासाई घाईनं झाली असेल, तर वरचा थर स्टिकरच्या गोंदाला जास्त इमान राखतो.

मामांना फोन केला. ते म्हणाले, "आपल्या गाडीला आजवर ओरखडा नाही रे भाचे."

मग मामीला विचारलं. ती म्हणाली, "टमाट्याच्या सीझनला मार्केटात पिकअप घासली होती. मी सांगितलं म्हणू नको."

त्या दाराचा उरलेला पट्टा काढायला अख्खी दुपार गेली. उष्णता कमी ठेवली, कडेनं निलगिरीचं तेल सोडलं, दहा मिनिटं मुरू दिलं आणि बोटभर, बोटभर करत सोडवलं. आणखी रंग आला नाही. तुमची गाडी जुनी घेतलेली असेल, तर आधी जाडी मोजून घ्या. मीटर नसेल तर दाराच्या रबराखाली रंगाची कड लागते का तेवढं तरी बघा; लागली तर दार बहुधा पुन्हा रंगवलेलं आहे.

चंदेरी अक्षरांचं काम वेगळं. ती फोमच्या दुहेरी टेपवर बसलेली असतात, तिथं स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं म्हणजे डिकीला पोचा पाडून घेणं. मागून दोरा घालून करवतीसारखा ओढत फोम कापायचा. शेजारच्या पोरानं संक्रांतीचा उरलेला नायलॉन मांजा आणून दिला. त्याच्या कानाला धरूनच सांगितलं की, बाबा, याच्यावर 2017 साली हरित लवादानं बंदी घातली आहे. शिवाय त्याला काचेची पूड असते, ती रंगात चर पाडेल. मासे पकडायची साधी तंगूस आणली, अक्षर गरम केलं, आणि "द्रा"पासून "र"पर्यंत एकेक निघत गेलं. गाडीचं स्वतःचं नाव किंवा कंपनीचं चिन्ह काढणार असाल तर एक बघा: काहींना मागं खुंट्या असतात आणि त्या पत्र्यातल्या भोकात बसतात. दोरा पुन्हा पुन्हा त्याच जागी अडत असेल तर जोर करू नका. ते काढलं तर भोक उरेल आणि पावसाचं पाणी डिकीत जाईल.

उरलेला फोम अंगठ्यानं चोळला की मळासारखा गोळा होऊन निघतो. चिकट थराला निलगिरी, आणि शेवटी पुसायला करोनात भरून ठेवलेलं सॅनिटायझर. हे काम मात्र सावलीत, पत्रा गार झाल्यावर, कारण उन्हात ते लावताक्षणी उडून जातं. नाशिकमधल्याच द्वारकेजवळच्या ओळखीच्या मेस्त्रीनं "थिनर मार, दोन मिनिटांत साफ" असा सल्ला दिला होता. भट्टीतला रंग घटकाभर थिनर सोसेलही. माझं ते 290 वालं दार सोसलं नसतं, आणि बंपरचं प्लास्टिकही नाही.

काचेवर बाहेरून ब्लेड चालतं, साबणाचं पाणी लावून तिरकं धरलं तर. खताची जाहिरात मात्र आतून होती, आणि डीफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या हीटरच्या) बारीक रेघा काचेच्या आतल्या अंगालाच छापलेल्या असतात. ब्लेड फिरलं की रेघ तुटली. तिथं ओलं फडकं तासभर चिकटवून ठेवलं आणि जुन्या एटीएम कार्डानं रेघांच्या दिशेनं खरवडलं.

एवढं करून डिकीवर भावंडांची नावं आहेतच. स्टिकर गेलं, पण त्याखालचा लाल रंग बारा वर्षं ऊन न लागता राहिला आणि भोवतालचा विटला. कंपाउंड (रंग हलकेच घासणारी पेस्ट) आणि पॉलिश हातानंच मारलं. मशीन मारावं असं वाटलं होतं, पण वरचा पारदर्शक थर जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, आणि ऊन अडवायचं काम तोच करतो. वरचा मळकटपणा गेला. आतला रंगच विटलेला असेल तर पॉलिश काय करणार? दुपारी काही दिसत नाही, संध्याकाळच्या तिरक्या उन्हात दोन्ही नावं स्पष्ट वाचता येतात. बायकोनं "असू दे, घरचीच आहेत" म्हणून विषय संपवला.

मागच्या रविवारी मामा-मामी आले. मामांनी गाडीभोवती हात मागे बांधून फेरी मारली, बॉनेटवरून बोट फिरवलं, खूश झाले. डाव्या मागच्या दारापाशी येऊन थांबले. त्या नखाएवढ्या जागेवर मी टच-अपचा लाल ठिपका दिलाय, तो जरा गडद झालाय.

"हे काय केलंस रे?" मामा म्हणाले. "माझ्याकडं असताना ओरखडा नव्हता गाडीला."

मामी पार्किंगमधल्या तुळशीकडे बघत होती.