बाळबोध पत्रे, मोडी डायरी

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे फौजेच्या बोलीत ‘जंगी पलटणी’त, शिपाई होते. सप्टेंबर १९४३ मध्ये आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर ते इटलीत उतरले आणि तिथली लढाई संपेपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एकेचाळीस पत्रे आणि खिशात मावेल एवढी एक डायरी होती. पत्रे बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, असल्यामुळे ती घरात सर्वांनी वाचली होती. डायरी मोडीत, तीही शिसपेन्सिलीने लिहिलेली, त्यामुळे तिच्या वाटेला कोणी गेले नव्हते. केवळ ती वाचता यावी म्हणून मी सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीच्या वर्गाला जाऊन बसलो. माझ्या शेजारचे लोक वतनाचे आणि जमिनीचे कागद घेऊन येत. माझ्या हातातली डायरी पाहून त्यांना मी वाट चुकलेला वाटत असणार.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि हात न उचलता अक्षरे तिला लटकवत जायची. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि त्यात इटालियन गावांची नावे आली की वाचणाऱ्याची परीक्षाच असते. एका पानावर मला ‘मोट’ हे अक्षर लागले आणि आजोबांना पुरंदरातली विहीर आठवली असावी, अशी माझी समजूत झाली. पुढची अक्षरे सुटायला दोन आठवडे गेले. ती मोट नव्हती, ते मोंतेगुफोनी होते.

फ्लॉरेन्सच्या नैऋत्येला असलेल्या या जुन्या किल्लेवजा वाड्यात फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतली चित्रे बॉम्बपासून वाचवण्यासाठी आणून ठेवली होती. जुलै १९४४ च्या अखेरीस मराठा पलटण तिथे पोहोचली, तेव्हा आसपासचे गावकरीही त्याच वाड्यात आसऱ्याला होते. चित्रांना धक्का लागू नये म्हणून पलटणीचा पहारा बसला आणि आजोबांची पाळी आली. त्यांनी डायरीत जे टिपले आहे ते पंचनाम्यासारखे आहे: ‘मोठे चित्र. बाया सहा, बाप्ये दोन, वर एक पोर उडते. झाडास संत्री.’ मी बोत्तिचेल्लीच्या ‘प्रिमाव्हेरा’ची छापील प्रत समोर ठेवून मोजले. हिशेब बरोबर होता. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने त्या चित्राचे आणखी काय करायचे होते? त्याला ते सांभाळायला सांगितले होते, म्हणून त्याने आतला माल मोजून घेतला. मला हे वर्णन कलासमीक्षकांच्या पुष्कळ लेखांपेक्षा भरवशाचे वाटते, अर्थात मी नातू आहे.

त्याच आठवड्यातल्या पत्रात चित्राचा उल्लेखच नाही. ‘तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असा मायना झाल्यावर, सध्या एका थोरल्या वाड्यात मुक्काम आहे, अन्न चांगले मिळते, बाजरीच्या पेरणीला पाऊस झाला का, एवढेच आहे. गावाचे नाव लिहायची तर परवानगीच नव्हती. सेन्सॉरचा शिक्का प्रत्येक पाकिटावर आहे. मात्र सगळे मौन सेन्सॉरच्या माथी मारणे मला पटत नाही. पणजोबांना अक्षरओळख नव्हती. पत्र आले की शाळामास्तर ते ओसरीवर मोठ्याने वाचत आणि निम्मी आळी ऐकायला बसे. आजीचा उल्लेखसुद्धा ‘घरातील मंडळी’ एवढाच येतो, कारण ती दाराआड उभी राहून ऐकणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. शिवाय पणजोबांच्या पिढीने कुतचे नाव ऐकलेले होते. याच पलटणीने, तेव्हा ती १०३ क्रमांकाची होती, १९१५-१६ च्या हिवाळ्यात मेसोपोटेमियात कुतचा वेढा सोसला होता आणि तिथे अडकलेल्या डिव्हिजनला नाव आपल्या पुण्याचेच होते. असल्या ओसरीवर खरे लिहून पाठवायचे तरी कसे?

पत्रे आणि डायरी यांतले सर्वांत मोठे अंतर एप्रिल १९४५ मध्ये दिसते. ९ तारखेला सेनिओ नदीवर हल्ला झाला. नदी अरुंद होती, पण तिच्या दोन्ही काठांना पुराचे उंच बांध होते, त्या बांधांत जर्मन मोर्चे खोदलेले होते आणि भोवती सुरुंग पेरलेले होते. आधी विमानांनी आणि तोफांनी बांध भाजून काढला, मग संध्याकाळी पलटण पाण्यात शिरली. शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना त्या पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे आणले, नंतर एकट्याने मशीनगनचे मोर्चे बंद पाडले आणि पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तो याच हल्ल्यात आणि याच पलटणीत. डायरीत त्या रात्रीखाली चार ओळी आहेत: कान बंद झाले, पाणी फार थंड, शेजारचा गडी वर आला नाही, बांधावर शिवाजी महाराजांचा जयजयकार ऐकू आला. तोच गडी पुढच्या तीन दिवसांच्या नोंदींत पुन्हा येतो, प्रत्येक वेळी नावाशिवाय. पाच दिवसांनी घरी गेलेल्या पत्रात मात्र ‘मध्यंतरी अंग थोडे भिजले, परंतु सर्दी वगैरे नाही’ असे आहे. लहानपणी हे वाक्य वाचून आम्ही भावंडे हसत असू.

२ मे रोजी इटलीतली लढाई थांबली. त्यानंतर डायरीत केवळ खरेदीचे हिशेब आहेत: कात्री, लोकरी मफलर, साबण, आणि ‘बूट, लहान, एक जोड’. डायरीच्या मागच्या पुठ्ठ्यात घडी घातलेला एक कागद होता. त्यावर पेन्सिलीने काढलेला लहान मुलाचा पाऊल-नकाशा आहे आणि टाचेशी मास्तरांच्या अक्षरात आत्याचे नाव. तो घरून इटलीला गेला होता आणि आजोबांबरोबर परत आला. आत्या आता कोथरूडला असते. तिला तो कागद दाखवला तेव्हा तिने त्यावर तळहात ठेवून पाहिला आणि म्हणाली, बूट फार सुंदर होते, पण दादा परत येईपर्यंत माझे पाऊल वाढले होते. ते मग धाकट्या काकांच्या मुलाने फाटेपर्यंत घातले.