तुम्ही विचारलंत म्हणून: एका मतासाठी एवढा हट्ट कशाला

दर इलेक्शनला कोणीतरी विचारतंच. "एका मताने काय फरक पडतो, तासभर लाइनीत उभं राहून तुला मिळतं काय?" एकदाच काय ते सांगून टाकते.

फरक पडतोच हे मला सिद्ध करून दाखवता येणार नाही. पंचविशीत मीही म्हणायचे सगळे सारखेच, आणि दोनदा गेलेच नाही. कारण काही नव्हतं, कंटाळा केला.

मग बाबा गेल्यावरची पहिली निवडणूक आली, आईला मी घेऊन गेले. लाइनीत तिने हळूच विचारलं, "कोणतं बटण दाबू गं?" आणि मी सांगितलं. लगेच, चिन्हासकट. बाहेर आली ती शाई पदराला लागू नये म्हणून बोट लांब धरून, आणि म्हणाली, "दिलं बाई तुझ्या माणसाला. इतकी वर्षं तुझे बाबा सांगतील त्याला देत होते." अगदी समाधानाने म्हणाली. मला आधी बरंच वाटलं, आपल्या बाजूला एक मत वाढलं म्हणून. घरी येऊन चहा ठेवताना कळलं मी काय केलं ते. तिचं मत बाबांकडून माझ्याकडे आलं होतं, तिच्याकडे गेलंच नव्हतं.

इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यात बऱ्याच बायकांना मत मिळालं ते नवऱ्याच्या मिळकतीवर, त्याची बायको म्हणून. राज्यघटनेने ती अट काढली, तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली, कारण स्वतःचं नाव त्यांनी सांगितलंच नाही, अमक्याची बायको नाहीतर तमक्याची आई, एवढंच. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अशी नोंद चालवून घेईनात. पूर्वी मला हे फार निष्ठुर वाटायचं, त्या बायांचा काय दोष? अजूनही अर्धं वाटतं. पण आईचं नाव तर यादीत व्यवस्थित होतं, आणि तरी...

म्हणून जाते मी. त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे आपल्यासोबत कोणी नसतं, बाईला अशी जागा दुसरी कुठे मिळते सांगा.

पुढच्या वेळी आईने परत विचारलं. म्हटलं, तुझं तू ठरव. रागावली, "सांगायला तुझं काय जातं?" आत बराच वेळ लावला तिने. बाहेर आल्यावर मला राहवलं नाही, विचारलंच, कोणाला दिलंस. तिने सांगितलं नाही.